बंदूक परत करणारे : जपानमधील ख्रिस्ती श्रद्धा आणि सैन्यसेवेला नकार

तोयोसुची जमीन समुद्रात भराव घालून केलेली आहे. १९२३ च्या महाभूकंपात टोकियो कोसळले, त्याचा राडारोडा या भरावात गेला. १९३७ साली या भागाला तोयोसु हे नाव मिळाले आणि दोनच वर्षांनी इथे इशिकावाजिमा कंपनीची जहाजगोदी सुरू झाली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘शिराने’ आणि ‘कुरामा’ या जपानी सागरी स्वसंरक्षण दलाच्या मोठ्या विनाशिका याच गोदीत बांधल्या गेल्या. २००२ मध्ये गोदी बंद झाली. आज तिच्या जागी मॉल आहे, उंच इमारती आहेत, आणि थोड्या अंतरावर २०१८ साली त्सुकिजीहून हलवलेला मासळीबाजार.

तोयोसुहून साधारण अर्ध्या तासाच्या पायी अंतरावर, याच कोतो वॉर्डात, शिओमी नावाचा दुसरा भराव आहे. जपानच्या कॅथलिक बिशप परिषदेचे मुख्य कार्यालय तिथे आहे. ज्या परिषदेने युद्ध आणि शांतता यांवर वारंवार निवेदने काढली, तिचे कार्यालय आणि जिथे युद्धनौका बांधल्या ती गोदी एकमेकांच्या जवळ असावी हा केवळ योगायोग. पण या लेखाचा विषय नेमका त्या दोहोंमधल्या अंतराचा आहे. हत्या करू नये असे धर्म सांगतो आणि सरकार हाती बंदूक देते, तेव्हा ख्रिस्ती माणसाने काय करावे? जपानमध्ये हा प्रश्न दीडशे वर्षे विचारला जात आहे. त्याला कोणती उत्तरे मिळाली आणि काय सुटायचे राहिले, याचा हा आढावा.

प्रश्नाची मुळे

हा वाद ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. इ. स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तेवेस्ते इथे मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने, आपण ख्रिस्ती असल्याने रोमन सैन्यात जाणार नाही, असे सांगितले. त्याला मृत्युदंड झाला. चौथ्या शतकात साम्राज्यानेच हा धर्म आपलासा केला आणि वादाची बाजू पालटली. संत ऑगस्टीन यांनी न्याय्य युद्धाचा विचार मांडला : युद्ध वाईटच, पण निरपराधांच्या रक्षणासाठी, योग्य सत्तेच्या हुकुमाने आणि योग्य हेतूने शस्त्र धरणे पाप ठरत नाही. बहुसंख्य चर्चनी पुढे हीच वाट धरली.

काही पंथांनी मात्र येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा शब्दशः अर्थ सोडला नाही. सोळाव्या शतकातील मेनोनाइट आणि सतराव्या शतकातील क्वेकर हे त्यांतले प्रमुख. १९१६ साली ब्रिटनने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला, तेव्हा सदसद्विवेकबुद्धीच्या कारणावरून सूट मागण्याचे कलम त्यात घालावे लागले, यामागे या पंथांची शतकांची चिकाटी होती. म्हणजे या प्रश्नाला दोन अंगे आहेत. एक धर्माचे : नकार द्यावा का? दुसरे कायद्याचे : नकार देणाऱ्याला राज्य जागा देते का? जपानचा इतिहास वाचताना ही दोन अंगे वेगळी ठेवणे उपयोगाचे ठरते.

१८७३ : एकाच वर्षी दोन दारे

जानेवारी १८७३ मध्ये मेइजी सरकारने सक्तीच्या लष्करभरतीचा हुकूम काढला. फेब्रुवारीत ख्रिस्ती धर्मावर बंदी असल्याचे फलक चौकाचौकांतून उतरवले गेले. शतकानुशतकांची बंदी उठली त्याच हिवाळ्यात प्रत्येक तरुणाच्या अंगावर सैन्यसेवेची जबाबदारी आली.

सुरुवातीच्या हुकुमात सवलती पुष्कळ होत्या. कुटुंबप्रमुख, वारसदार मुलगा, सरकारी अधिकारी, तसेच २७० येन भरू शकणारा माणूस यांना सूट होती. श्रद्धेच्या कारणावरून सूट मात्र नव्हती. त्या वर्षी शेतकऱ्यांनी ‘रक्तकरा’विरुद्ध, म्हणजे या भरतीविरुद्ध, उठाव केले. त्यांत धर्माचा भाग नव्हता, घरातला कमावता हात जाण्याची भीती होती. १८८९ पर्यंत बहुतेक सवलती काढून घेतल्या गेल्या. त्याच वर्षीच्या राज्यघटनेने विसाव्या कलमात सैन्यसेवा हे प्रजेचे कर्तव्य ठरवले आणि अठ्ठाविसाव्या कलमात धर्मस्वातंत्र्य दिले, पण प्रजेच्या कर्तव्यांना बाध येणार नाही अशा मर्यादेत. या दोन कलमांच्या बेचक्यात श्रद्धेतून येणाऱ्या नकाराला जागा उरली नाही.

उचिमुरा, सैतो आणि याबे

पहिली मोठी चर्चा रशिया-जपान युद्धाच्या वेळी झाली आणि तिच्या केंद्रस्थानी उचिमुरा कान्झो होते. चर्चसंस्थेविना ख्रिस्तधर्म सांगणाऱ्या ‘मुक्योकाई’ चळवळीचे ते प्रवर्तक. १८९१ मध्ये शिक्षणविषयक राजाज्ञेपुढे पुरेसे वाकून नमन केले नाही म्हणून त्यांची शिक्षकाची नोकरी गेली होती. तरीही १८९४ चे चीनविरुद्धचे युद्ध त्यांनी न्याय्य ठरवले. युद्धानंतर काय झाले ते पाहून त्यांना पश्चात्ताप झाला. १९०३ साली ‘योरोझु चोहो’ या दैनिकात त्यांनी युद्धच नाहीसे झाले पाहिजे, असे लिहिले. दैनिकाने युद्धाची बाजू घेतली तेव्हा कोतोकु शुसुई आणि साकाई तोशिहिको या समाजवादी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी राजीनामा दिला. उएमुरा मासाहिसा आणि एबिना दांजो यांच्यासारखे प्रॉटेस्टंट पुढारी त्या वेळी युद्धाच्या बाजूने होते. आन्नाकाचे पाद्री काशिवागी गिएन यांच्यासारखे विरोधात ठाम राहिलेले थोडे.

उचिमुरांचा हानामाकी इथला शिष्य सैतो सोजिरो हा शाळाशिक्षक होता. त्याने गुरूचे शब्द मनावर घेतले. सैन्यात जाणार नाही आणि युद्धासाठी करही भरणार नाही, असा त्याचा विचार ठरत आला. डिसेंबर १९०३ मध्ये उचिमुरा स्वतः हानामाकीला गेले आणि त्यांनी त्याला परावृत्त केले. त्यांचे म्हणणे असे : मी नकार दिला तर माझ्या जागी दुसरा कोणी जाईल. लोक त्याला भ्याडपणा समजतील, घरच्यांना भोगावे लागेल. युद्धाला विरोध करणारा माणूस रणात मरतो तेव्हा त्याचा मृत्यू इतरांच्या पापाचे प्रायश्चित्त ठरतो. सैतोने गुरूचे ऐकले. पुढे त्याची नोकरी गेली आणि अनेक वर्षे त्याने हानामाकीत वृत्तपत्रे घरोघर पोचवून संसार केला.

या सल्ल्यावर आजही दुमत आहे. काहींच्या मते ती वधस्तंभाची खोल समज होती. शिष्याला तुरुंगात पाठवून आपण मोकळे राहणे उचिमुरांना पटले नाही. दुसऱ्यांच्या मते तत्त्वाने युद्ध नाकारून शरीराने ते स्वीकारण्याची मुभा तिथे मिळाली आणि पुढच्या पिढ्यांनी त्या मुभेचा आडोसा घेतला.

उचिमुरांच्या वर्तुळाबाहेर एका अगदी साध्या तरुणाने दुसरी वाट धरली. ऐझु भागातला याबे कियोशी हा अ‍ॅडव्हेंटिस्ट प्रचारक. १९०५ मध्ये त्याला बोलावणे आले. तो लपला नाही, स्वतः लष्करी अधिकाऱ्यांकडे जाऊन आपण माणूस मारू शकत नाही, असे त्याने सांगितले. त्याला दोन महिन्यांची कैद झाली. सुटकेनंतर लष्कराने त्याला शुश्रूषेच्या कामासाठी घेतले. कायद्यात अशी तरतूद नव्हती, ती एका अधिकाऱ्याच्या समजुतीतून निघालेली वाट होती. याबे पुढे अमेरिकेत शिकले आणि शिगा प्रांतात पाद्री म्हणून त्यांनी आयुष्य घालवले. जपानचा पहिला ख्रिस्ती सैन्यनकार त्यांच्या नावे नोंदला जातो.

चाळीस वर्षांनी याच पंथाचा अमेरिकी सैनिक डेस्मंड डॉस हत्यार न घेता ओकिनावाच्या लढाईत उतरला आणि त्याने जखमींना कड्यावरून खाली उतरवले. ‘हॅकसॉ रिज’ या चित्रपटामुळे तो आपल्याकडेही ठाऊक आहे. डॉसला अमेरिकी कायद्याने बिनहत्यारी सेवेचा हक्क दिला होता. याबेला तो दैवाने मिळाला. पुढच्या साऱ्या वादाचे सार या फरकात आहे.

१९३९ : बंदूक परत करतो

दुसऱ्या टप्प्यावर राज्य अधिक कठोर झाले होते. अमेरिकेहून १९२६ मध्ये परतलेले अकाशी जुन्झो वॉच टॉवर (यहोवाचे साक्षीदार) चळवळीची जपानी शाखा ‘तोदाइशा’, म्हणजे दीपस्तंभ, चालवत होते. जानेवारी १९३९ मध्ये त्यांचा थोरला मुलगा माहितो आणि अनुयायी मुरामोतो यांनी सैन्यात दाखल झाल्यावर, हे हत्यार मी वापरू शकत नाही, परत घ्या, असे वरिष्ठांना सांगितले. लष्करी न्यायालयाने माहितोला तीन आणि मुरामोतोला दोन वर्षांची शिक्षा दिली. २१ जून १९३९ रोजी देशभर धाडी पडून शंभराहून अधिक साक्षीदार पकडले गेले. अकाशींना वरच्या न्यायालयात दहा वर्षांची शिक्षा कायम झाली. त्यांची पत्नी शिझुए तुरुंगात वारली. कोरियन साथीदारांनीही तुरुंगवास भोगला, त्यांतला एक आतच वारला. माहितोने तुरुंगात मत बदलले. मुरामोतो बदलला नाही आणि सुटल्यावर पुन्हा पकडला गेला.

इतर चर्च काय करत होती? १९३९ च्या धर्मसंस्था कायद्याने प्रॉटेस्टंट पंथांना एका छत्राखाली यावे लागले आणि जून १९४१ मध्ये ‘निहोन किरिसुतो क्योदान’ ही संयुक्त संस्था झाली. तिने युद्धाला साथ दिली. १९३२ मध्ये काही कॅथलिक विद्यार्थ्यांनी यासुकुनी मंदिरात नमन करायला नकार दिला, त्या प्रकरणानंतर कॅथलिक चर्चही राज्याशी जुळवून घेत गेले. देवळात नमन करणे हा नागरी शिष्टाचार आहे, असे १९३६ मध्ये रोमनेही मान्य केले. नकार देणाऱ्यांच्या मागे कोणतेही मोठे चर्च उभे राहिले नाही.

या काळातले एक दृश्य मराठी वाचकाला जवळचे वाटेल. कागावा तोयोहिको हे ख्रिस्ती शांततावादी आणि सहकार चळवळीचे धुरीण. १९२३ च्या भूकंपानंतर सुमिदा नदीच्या पूर्वेला, म्हणजे तोयोसुच्या वरच्या अंगाला, त्यांनी गरिबांसाठी काम उभे केले आणि १९२७ मध्ये ग्राहकांची सहकारी संस्था काढली. जानेवारी १९३९ मध्ये ते बारडोलीला गांधीजींना भेटले. गांधीजींनी त्यांना जपानमधल्या युद्धाविषयी विचारले. मायदेशी आपण जवळजवळ पाखंडी ठरतो, असे कागावा म्हणाले. त्यावर गांधीजींच्या बोलण्याचा आशय असा होता की, मी तुमच्या जागी असतो तर ते पाखंड जाहीर करून गोळी झेलली असती. सगळ्या सहकारी संस्था एका पारड्यात आणि राष्ट्राची इभ्रत दुसऱ्या पारड्यात ठेवून पाहा. त्याच महिन्यात माहितो आणि मुरामोतो बंदुका परत करत होते. कागावा १९४० मध्ये पकडले गेले, सुटले, आणि युद्धाच्या अखेरच्या वर्षांत सरकारच्या बाजूने बोलले. आपल्याकडे त्याच १९४० च्या ऑक्टोबरात विनोबांनी पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ केला. भारतात लष्करभरतीची सक्ती नव्हती, म्हणून इथला नकार वाणीचा होता. जपानी तरुणाला तो देहाने द्यावा लागला.

१९४७ नंतर

१९४५ मध्ये सैन्यसेवेचा कायदा रद्द झाला. १९४७ च्या राज्यघटनेने नवव्या कलमात युद्धाचा त्याग केला, अठराव्यात इच्छेविरुद्ध राबवून घेण्यावर बंदी घातली आणि एकोणिसाव्यात विचार व सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले. १९५४ मध्ये स्वसंरक्षण दले स्थापन झाली, पण भरती ऐच्छिक राहिली. सक्तीची भरती तेराव्या आणि अठराव्या कलमांना धरून बसत नाही, असे मंत्रिमंडळाने १९८० मध्ये लेखी उत्तरात सांगितले.

प्रश्न संपल्यासारखा वाटला, पण तो रूप बदलून परत आला. १९७४ मध्ये क्वेकर, मेनोनाइट आणि इतरांनी लष्करी खर्चाच्या वाट्याइतका कर नाकारण्यासाठी संघटना काढली. हे सैतोच्या जुन्या विचाराचेच पुनरुज्जीवन. १३ जून १९८८ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला : कर सामान्य तिजोरीत जातो, तो कशावर खर्च होतो याच्याशी करदात्याचा थेट संबंध नाही. त्याच महिन्याच्या १ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने नाकाया प्रकरणाचा निकाल दिला होता. अपघातात वारलेल्या स्वसंरक्षण दलातील जवानाला त्याच्या ख्रिस्ती पत्नीच्या इच्छेविरुद्ध यामागुचीच्या शिंतो मंदिरात देव म्हणून स्थापित केले गेले होते. न्यायालयाने इतरांच्या धर्माचरणाबाबत सहिष्णुता ठेवण्यास तिला सांगितले. पंधरापैकी एकट्या न्यायमूर्ती इतो मासामी यांनी तिच्या बाजूने मत दिले.

१९९६ मध्ये वेगळा सूर उमटला. कोबेच्या तांत्रिक महाविद्यालयातील एका यहोवाच्या साक्षीदार विद्यार्थ्याने केंदो, म्हणजे तलवारबाजीचा तास नाकारला होता. त्याला नापास करून काढून टाकण्यात आले. पर्यायी अभ्यास देता येईल का याचा विचारच न करता अशी कारवाई करणे बेकायदा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्चला दिला. हत्यार हाती घेण्याला श्रद्धेतून दिलेल्या नकारासाठी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने पर्याय शोधायला लावल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण. ते सैन्याचे नव्हते, शाळेचे होते.

चर्चची भूमिकाही बदलली. १९६७ मध्ये क्योदानने युद्धकाळातल्या आपल्या जबाबदारीची जाहीर कबुली दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये, सदसद्विवेकापोटी शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यांनी माणुसकीची तरतूद करावी, असे म्हटले होते. १९९५ मध्ये जपानच्या कॅथलिक बिशपांनी शांततेविषयी निवेदन काढून युद्धकाळातल्या चुका मान्य केल्या.

आजच्या भूमिका

आज जपानी ख्रिस्ती समाजात, जो लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का आहे, ढोबळमानाने चार मते दिसतात.

पहिले मत निखळ नकाराचे. शस्त्र, त्यासाठीचा कर आणि शस्त्र बनवण्याचे काम, तिन्हीपासून दूर राहावे. शांतिवादी पंथांतले आणि मुक्योकाईतले काही लोक याच्याजवळ आहेत.

दुसरे मत राज्यघटनेवर भिस्त ठेवणारे. नववे कलम म्हणजे साऱ्या राष्ट्राने मिळून दिलेला नकार. ते टिकवणे हेच ख्रिस्ती माणसाचे काम, स्वतंत्र हक्काची गरज नाही. उलट असा हक्क लिहिला तर सक्तीच्या भरतीची शक्यता आपण गृहीत धरल्यासारखे होईल, अशी त्यांना भीती वाटते.

तिसरे मत न्याय्य संरक्षणाचे. स्वसंरक्षण दलांत ख्रिस्ती माणसेही आहेत आणि ‘कोर्नेलिओ-काई’ हा त्यांचा मेळावा आहे. येशूच्या शिष्यांनी स्वीकारलेल्या रोमन शताधिपती कोर्नेलियसवरून हे नाव घेतले आहे. भूकंप आणि त्सुनामीत पहिली मदत पोचवणारे हेच दल असते, शेजाऱ्याचे रक्षण हेही प्रेमच, असे ते म्हणतात.

चौथे मत हक्क लिहून ठेवावा असे. यांचा युक्तिवाद तपशिलावर उभा आहे. स्वसंरक्षण दल कायद्याप्रमाणे संरक्षण मोहिमेच्या वेळी हुकूम मोडणाऱ्या जवानाला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि काम अडणार असेल तर राजीनामा रोखता येतो. त्याच कायद्याच्या १०३ व्या कलमाखाली डॉक्टर, बांधकाम आणि वाहतूक क्षेत्रातल्या नागरिकांना कामाचा हुकूम देता येतो. तो नाकारणाऱ्याला शिक्षा नाही, पण नाकारण्याचा हक्कही लिहिलेला नाही.

सुटलेले नाही ते

पहिला अनिर्णित प्रश्न सहभागाच्या सीमेचा. बंदूक चालवणारा सहभागी, मग ती बनवणारा? ‘शिराने’चे पत्रे जोडणाऱ्या तोयोसुच्या कामगाराने स्वतःला काय सांगायचे होते? २०२२ च्या डिसेंबरात सरकारने पाच वर्षांत ४३ लाख कोटी येन संरक्षणावर खर्च करायचे ठरवले. खर्च वाढतो तसा हा प्रश्न अधिक घरांत शिरतो.

दुसरा, विशिष्ट युद्धाच्या नकाराचा. न्याय्य युद्ध मानणारा माणूस अन्याय्य वाटणारे युद्ध नाकारू शकतो का? २०१५ च्या सुरक्षा कायद्यांनी मित्रदेशावरील हल्ल्यातही, जपानचे अस्तित्व धोक्यात आल्यास, बळ वापरण्याची वाट उघडली. तसा हुकूम पाळण्याचे आपल्यावर बंधन नाही, असा दावा एका जवानाने केला. २०१९ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूचा उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला.

तिसरा, पर्यायी सेवेच्या स्वरूपाचा. याबे यांनी शुश्रूषा स्वीकारली. मुरामोतोसमोर तो पर्याय आलाच नाही. शेजारच्या दक्षिण कोरियात हजारो यहोवाच्या साक्षीदारांनी तुरुंगवास भोगल्यावर २०१८ मध्ये घटना न्यायालयाने पर्याय देणे आवश्यक ठरवले आणि २०२० पासून ३६ महिन्यांची सेवा तुरुंगांतून सुरू झाली. सैनिकाच्या सेवेच्या जवळजवळ दुप्पट असलेली ही मुदत हक्क आहे की सौम्य शिक्षा, यावर तिथेही एकमत नाही.

चौथा प्रश्न स्मृतीचा, आणि माझ्या मते सर्वांत दुखरा. अकाशींनी १९४७ मध्ये अमेरिकी मुख्यालयाशीही संबंध तोडले. त्यामुळे तोदाइशाच्या लोकांना आपले म्हणणारी संस्थाच उरली नाही. १९७२ मध्ये इनागाकी मासामी यांनी त्यांच्यावर इवानामीच्या पुस्तकमालेत पुस्तक लिहिले, तेव्हा ही माणसे वाचकांपुढे आली. चर्चनी आपल्या चुकांची कबुली दिली आहे. आपल्या दाराबाहेर नकार देणाऱ्यांची आठवण आपली म्हणून जपायला अजून ती पुरती शिकलेली नाहीत.

निष्कर्ष

या दीडशे वर्षांचा हिशेब मांडला की एक गोष्ट सलग दिसते. नकार नेहमी एकेकट्या माणसाने दिला आणि त्याचे पुढे काय व्हायचे ते समोरच्या अधिकाऱ्यावर अवलंबून राहिले. याबेला समजूतदार अधिकारी भेटला, मुरामोतोला लष्करी न्यायालय. चारही मतांना आधार आहे आणि त्यांतले कोणते खरे ख्रिस्ती, हे ठरवणे या आढाव्याचे काम नाही. तरी कायद्याच्या अंगाबाबत माझा कौल चौथ्या मताच्या बाजूला झुकतो. अशी तरतूद शांततेत, कोणावरही सक्ती नसताना करायची असते. युद्धाच्या तोंडावर ती मागणारा देशद्रोही ठरतो, हे १९३९ ने दाखवले आहे.

१८७३ ते १९४५ या काळात श्रद्धेतून सैन्यसेवा नाकारण्याचा हक्क जपानच्या कायद्यात नव्हता, कारण राज्याला तो मान्य नव्हता. १९४७ नंतर तो लिहिला गेला नाही, कारण कोणाला गरज वाटली नाही. कारणे वेगळी आहेत. पान दोन्ही वेळा कोरेच आहे.